रोख बंद करण्याआधी काउंटरच्या आत येऊन बघ

पणजीत मळा नावाच्या वाड्यातलं जुनं घर भाड्याने घेऊन कॅफे काढतोयस आणि दारावर 'फक्त कार्ड' अशी पाटी लावायचा विचार आहे. कारण आधीच्या धंद्यात गल्ल्यावरच्या माणसाने हात मारला होता. रोखच नको म्हणजे चोरीच नको, हे तुझं गणित. म्हापशाच्या बाजाराजवळ मी बावीस वर्षं भाजीपाव विकतेय, तेवढ्या हक्काने सांगते: कार्ड घे, यूपीआय घे, पण रोख बंद करू नकोस.

आधी चोरीचं बोलू. माझ्याकडेही एकेकाळी गल्ला रोज शंभर-दीडशेने कमी भरायचा. म्हणून मी येईल त्याला क्यूआरकडे बोट दाखवायला लागले. दोन महिन्यांनी जाणवलं की मी आत तव्यावर असले की तो बोलणारा डबा गप्प असतो. माणसं पैसे भरून जातायत, फोनवर हिरवी खूण दाखवतायत आणि डबा मुका. बाहेर येऊन स्टँड उचलला, तर मागच्या बाजूला काउंटरवरच्या पोराने स्वतःचा क्यूआर चिकटवलेला. मी आत गेले की स्टँड फिरवायचा, आले की सरळ करायचा. गिऱ्हाइकाला दोन्ही चौकोन सारखेच! तेव्हापासून मी रात्री पाव मोजते. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळी किती टाकले, किती उरले, किती प्लेटी गेल्या. तो आकडा रोख अधिक ऑनलाइन यांच्याशी जुळला पाहिजे. आमचा सीए वर्षातून एकदा हिशेब बघतो, पोदेर रोज बघतो म्हण.

खर्चाचं थोडक्यात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. बाकी डेबिट कार्डांना मशीनवर, धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९०. क्रेडिट कार्डाला असं कुंपण नाही. दोन टक्के धरलेस तर २०० च्या बिलामागे ४ रुपये, मशीनचं भाडं निराळं. परदेशी पाहुण्याचं कार्ड आणखी महाग पडतं. उलट बाजूही सांगते, नाहीतर एकांगी होईल: अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या धंद्याला रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. तेव्हा डिजिटल वाढवण्यात तुझा फायदाच आहे. मी फक्त दार बंद करू नको म्हणतेय.

का, ते ऐक. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपने पार्सलचे १,८४० रुपये क्यूआरवर भरले. तीन आठवड्यांनी माझं खातंच गोठवलेलं! दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, ती रक्कम चार खात्यांतून फिरत फिरत माझ्या बटाटवड्यांवर खर्च झाली होती. फसवणूक झालेला माणूस १९३० या तक्रारीच्या नंबरला फोन करतो, मग पैसा जिथे जिथे गेला तिथे बँका हात ठेवतात. पद्धत योग्यच आहे, पण नुसते ते १,८४० नाही, माझं सगळं खातंच अडकलं. बिलं, पार्सलचे फोटो, अर्ज असं सगळं करून एकोणीस दिवसांनी मोकळं झालं. ते एकोणीस दिवस दुकान गल्ल्यातल्या नोटांवर चाललं. पोदेर, दूध, भाजी, पोरांची उचल, सगळं त्यातून. 'फक्त कार्ड' असतं तर तिसऱ्या दिवशी शटर ओढलं असतं. त्यानंतर मी क्यूआरचं खातं वेगळं केलं. रोज रात्री त्यातला पैसा दुसऱ्या बँकेत टाकते.

यूपीआय बंद पडतं तेही धरून चाल. १२ एप्रिल २०२५, शनिवार, देशभर यूपीआय अडलं. माझ्याकडे भजी तळून तयार, आणि पुढ्यात फोन हलवणारी आठ माणसं. चौघांकडे नोटा निघाल्या, चौघांना उधार दिलं. तिघे परत आले.

परदेशात सगळीकडे कार्डच चालतं म्हणतोस. न्यूयॉर्क शहरात २०२० पासून दुकानाला रोख नाकारता येत नाही आणि नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ मध्ये रोख देण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क उलट पक्का केला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातलं कलम २६ नोटेला देशात कुठेही वैध चलन ठरवतं. खाऊन झाल्यावर कुणी पाचशेची नोट पुढे केली आणि तू नाही म्हणालास, तर भांडण तुझ्या अंगावर येणार. पाटी लावायचीच असेल तर ऑर्डर घ्यायच्या आधी दिसेल अशी लाव, आणि वकिलाशी एकदा बोलून घे.

नोटाबंदीनंतर, २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून गोवा देशातलं पहिलं कॅशलेस राज्य होणार असं जाहीर झालं होतं, आठवतं? पैसे द्यायला साध्या फोनवर *९९# दाबा म्हणायचे. मीही दाबून बघितलं होतं, चहा निवून गेला. कॅशलेसचं पुढे 'लेस कॅश' झालं, आणि खरी सवय लागली ती नंतर, क्यूआर सोपा होता म्हणून. तरी माझा शुक्रवारचा गल्ला अजून निम्मा रोखीचा असतो. गावातून मिरच्या, काजू, केळी घेऊन बाजाराला येणाऱ्या बायका कनवटीच्या दहा-वीसच्या नोटा देतात. त्याच नोटांनी माझी सुट्ट्यांची अडचण भागते.

तुझ्याकडे त्या बायका येणार नाहीत म्हणशील. पण मळ्यातली शेजारची आजी सकाळी कॉफी प्यायला येईल, तिला काय सांगणार?

आणि करारावर सही करायच्या आधी एक कर. त्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड असतील. काउंटर जिथे करणार तिथे दार-खिडक्या लावून उभा राहा आणि फोनवर सिग्नलच्या किती दांड्या येतात बघ. माझ्या मावसभावाच्या असल्याच घरात मशीन घेऊन पायरीवर जावं लागतं, पावसात छत्री धरून.