शेअर्ड फोल्डरमधून चाळीस संगणकांवर क्लायंट सॉफ्टवेअर पोहोचवण्याची सुरक्षित पद्धत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि दोन शाखा मिळून सुमारे चाळीस विंडोज संगणक एका डोमेनमध्ये (सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कमध्ये) आहेत. खातेव्यवहारांचा क्लायंट प्रोग्राम सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवला आहे आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट दिला आहे. प्रोग्राम अधूनमधून अचानक बंद पडतो, नवी आवृत्ती टाकायला गेले की फाइल वापरात असल्याचा संदेश येतो, आणि विक्रेता म्हणतो की प्रोग्राममध्ये दोष नाही. यावर उपाय काय, असे तुम्ही विचारले आहे.

विक्रेत्याचे म्हणणे बहुधा खरे आहे. शेअर्ड फोल्डरमधून प्रोग्राम वाटावा, तिथून तो चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक संगणकाकडे प्रोग्रामची स्वतःची प्रत असली पाहिजे आणि सर्व्हरवरची प्रत केवळ मूळ प्रत म्हणून राहिली पाहिजे.

याचे कारण विंडोज प्रोग्राम कसा उघडते यात आहे. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केल्यावर संपूर्ण ईएक्सई (प्रोग्रामची मुख्य) फाइल एकदम मेमरीत येते असा अनेकांचा समज असतो, पण तसे होत नाही. विंडोज फाइलचा फक्त नकाशा मांडते आणि ज्या भागाची गरज लागेल तो भाग त्या क्षणी वाचते. त्यामुळे सकाळी उघडलेल्या प्रोग्राममध्ये एखाद्या कर्मचाऱ्याने दुपारी चार वाजता दिवसभरात प्रथमच व्याजाच्या अहवालाचा पडदा उघडला, तर त्या पडद्याचा कोड तेव्हा सर्व्हरवरून येतो. नेमक्या त्या वेळी शाखेची लाइन तुटली किंवा स्विच क्षणभर अडखळला, तर विंडोजला कोडचे ते पान मिळत नाही, ‘इन-पेज एरर’ येते आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. विक्रेत्याच्या स्वतःच्या संगणकावर हा दोष कधीच दिसणार नाही, कारण तिथे प्रोग्राम स्थानिक डिस्कवरून चालतो. फाइल आधी पूर्णपणे स्वॅपमध्ये (मेमरीला पूरक अशा डिस्कवरच्या जागेत) उतरवून मग चालवावी अशी खूण लिंकरच्या, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या, एका पर्यायाने ईएक्सईवर करता येते, पण ती प्रत्येक डीएलएलवरही (प्रोग्रामच्या सहायक कोड फाइलवरही) करावी लागते आणि फाइल अडकून राहण्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. सर्व्हरवरच्या उघड्या फाइलींच्या यादीतून त्या सक्तीने बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला असेल. कामाच्या वेळेत तो कृपया अमलात आणू नका, कारण ज्यांचा व्यवहार अर्धवट नोंदवला जात असेल त्यांचा प्रोग्राम त्या क्षणी हातातून जाईल.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. ज्याला तुम्ही सर्व्हर म्हणता त्यावर खरोखर विंडोज सर्व्हर आहे, की विंडोज १० किंवा ११ असलेला साधा संगणक आहे? डेस्कटॉप विंडोज एका वेळी वीसपेक्षा जास्त संगणकांची जोडणी स्वीकारत नाही. लहान संस्थांमध्ये ‘सकाळी उशिरा येणाऱ्यांनाच अडचण येते’ अशी तक्रार पुष्कळदा या मर्यादेमुळे असते.

आता मुख्य पद्धतीकडे वळतो. विक्रेत्याकडून एमएसआय स्वरूपातले, म्हणजे विंडोजच्या प्रमाणित पॅकेज स्वरूपातले, इन्स्टॉलर मिळत असेल तर ते आग्रहाने मागून घ्या आणि ग्रुप पॉलिसीच्या (डोमेनमधल्या सर्व संगणकांना एका जागेवरून सूचना देण्याच्या सोयीच्या) सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन विभागातून ते वापरकर्त्याला नव्हे, तर संगणकाला नेमून द्या. असे केल्यावर संगणक सुरू होताना, कोणी लॉगिन करण्याआधीच, प्रोग्राम बसतो. त्या वेळी तो कोणीही उघडलेला नसतो, म्हणून फाइल अडकण्याचा प्रश्न उरत नाही. आणि तो ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसत असल्यामुळे साध्या वापरकर्त्याला त्यात बदल करता येत नाही.

ही पद्धत फसते ती मुख्यतः परवानग्यांमध्ये, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. संगणक सुरू होताना कोणताही वापरकर्ता लॉगिन झालेला नसतो. सर्व्हरकडे फाइल मागतो तो संगणक स्वतः, डोमेनमधल्या स्वतःच्या खात्याने. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे मॅप केलेली ड्राइव्ह (शेअरला दिलेले ड्राइव्हचे अक्षर) त्या क्षणी अस्तित्वातच नसते, त्यामुळे पॉलिसीमध्ये पॅकेजचा मार्ग ड्राइव्हच्या अक्षराने न देता सर्व्हरच्या पूर्ण नावाने सुरू होणारा यूएनसी मार्ग द्यावा लागतो. प्रशासक स्वतः सर्व्हरवर बसून पॅकेज निवडतो तेव्हा सर्व्हरच्या डिस्कवरचा स्थानिक मार्ग नकळत जोडला जातो आणि मग एकाही संगणकावर काही बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ या गटाला वाचण्याची परवानगी शेअरवरही हवी आणि एनटीएफएसवरही (डिस्कवरच्या फाइल व्यवस्थेतही) हवी. या दोन्हींपैकी जी परवानगी अधिक कडक असेल तीच लागू होते. प्रशासक आपल्या खात्याने इन्स्टॉलर उघडून पाहतो, तो व्यवस्थित चालतो, आणि दोष पॉलिसीत असल्याची त्याची समजूत होते. इव्हेंट लॉगमध्ये (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत) १६१२ हा त्रुटी क्रमांक दिसला, तर इन्स्टॉलरला मूळ फाइलपर्यंत पोहोचता आले नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि अशा वेळी सर्वांत आधी मार्ग व परवानग्याच पाहाव्यात. १६१८ आला तर त्याच वेळी दुसरे इन्स्टॉलेशन चालू होते, आणि ३०१० ही मुळात चूक नसून रीस्टार्ट बाकी असल्याची सूचना आहे.

पॉलिसी मोजक्या संगणकांपुरती ठेवण्यासाठी तुम्ही सुरक्षा गाळणीतून, म्हणजे पॉलिसी कोणाला लागू होईल ते ठरवणाऱ्या यादीतून, ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (ओळख पटलेली सर्व खाती) हा गट काढून टाकत असाल, तर जून २०१६ च्या सुरक्षा अद्ययावतीकरणापासून वापरकर्त्यांच्या पॉलिसीही संगणकाच्या खात्याने वाचल्या जातात हे लक्षात ठेवा. तिथेही ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना वाचण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर पॉलिसी लागूच होत नाही.

दुसरा त्रास वेळेचा आहे. विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून ती नेटवर्कची वाट न पाहता लॉगिनचा पडदा दाखवते आणि पॉलिसी मागाहून पार्श्वभूमीत लागू करते. सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन मात्र पार्श्वभूमीत होऊ शकत नाही, त्यामुळे ते पुढच्या सुरुवातीवर ढकलले जाते. संगणक सुरू होताना नेहमी नेटवर्कची वाट पाहावी, अशी जी पॉलिसी आहे ती चालू करा. शिवाय विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन हे पूर्ण शट डाउन नसते, म्हणून चाचणी करताना रीस्टार्टच वापरा.

एमएसआय एकदा बसवल्यावर तो ज्या मार्गावरून आला तो मार्ग विंडोज लक्षात ठेवते, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी फाइली तिथेच शोधू शकते. म्हणून जुन्या आवृत्तीवर नवी फाइल टाकू नका. प्रत्येक आवृत्तीला शेअरमध्ये स्वतंत्र फोल्डर द्या आणि नव्या पॅकेजला जुन्याचे अपग्रेड म्हणून जोडा. शक्य असेल तर डीएफएस नेमस्पेस (सर्व्हरच्या नावाऐवजी शेअरला दिलेले डोमेनमधले सामायिक नाव) वापरा, म्हणजे उद्या सर्व्हर बदलला तरी मार्ग तोच राहील.

एमएसआय मिळतच नसेल तर संगणकाची स्टार्टअप स्क्रिप्ट (सुरू होताना आपोआप चालणारी आज्ञांची फाइल) हा चांगला पर्याय आहे. ती सिस्टिम खात्याने (विंडोजच्या स्वतःच्या खात्याने) चालते, त्यामुळे ती ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू शकते. शेअरवर आणि संगणकावर आवृत्ती क्रमांकाची एक छोटी मजकूर फाइल ठेवावी, दोन्हींतला क्रमांक वेगळा असेल तरच प्रत उतरवावी, आणि प्रत पूर्ण उतरल्यानंतरच संगणकावरचा क्रमांक बदलावा. या कामासाठी विंडोजमधले फाइलींच्या प्रती करण्याचे साधन रोबोकॉपी पुरेसे आहे, पण त्याच्या तीन गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. अपयश आल्यास ते पूर्वनिश्चित मांडणीनुसार प्रत्येक फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करते. शाखेची लाइन बंद असताना ही स्क्रिप्ट कितीही वेळ अडकून पडेल, म्हणून पुनःप्रयत्नांची संख्या आणि थांबण्याचा काळ दोन्ही स्वतः लहान ठेवा. आरशासारखी हुबेहूब प्रत करण्याचा जो पर्याय आहे, तो शेअरवर नसलेली प्रत्येक फाइल संगणकावरून पुसून टाकतो, त्यामुळे प्रिंटरची निवड किंवा शाखेचा क्रमांक अशा स्थानिक सेटिंग्ज प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये न ठेवता ‘प्रोग्रामडेटा’ या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला विक्रेत्याला सांगा. आणि रोबोकॉपीने काम संपवताना दिलेला क्रमांक शून्य नसला म्हणजे अपयश आले असे नव्हे. आठपेक्षा कमी असलेले सर्व क्रमांक यशाचे आहेत, आणि एक म्हणजे फाइली उतरल्या इतकेच.

क्लिकवन्स या मायक्रोसॉफ्टच्या वाटप पद्धतीचाही उल्लेख तुम्ही केला आहे. मायक्रोसॉफ्टच्याच डॉट नेट मंचावर बनलेल्या प्रोग्रामसाठी ती पद्धत चालते आणि शेअरवरूनही वाटप करते, पण ती प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये वेगळी प्रत बसवते. एका काउंटरवर दिवसभरात तीन कर्मचारी बसत असतील तर त्या संगणकावर तीन प्रती होतील, आणि प्रोफाइलमधून प्रोग्राम चालू देण्याची मुभा मी तरी आर्थिक संस्थेत देणार नाही.

सुरक्षेचा मुद्दा मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आजच्या फोल्डरवर सर्वांना लिहिण्याची परवानगी आहे असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ असा की एका काउंटरच्या संगणकावर शिरलेला व्हायरस त्या ईएक्सईची जागा घेऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसही संगणक तो आपणहून चालवतील. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ पसरला तो मेडॉक या लेखा व करविषयक सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरण यंत्रणेतून. हल्लेखोरांना संगणक एकेक करून फोडावे लागले नाहीत, कारण सगळे संगणक ज्या जागेवर विश्वास ठेवत होते तीच जागा त्यांच्या ताब्यात आली होती. तुमचा शेअर आकाराने लहान असला तरी तुमच्या संस्थेत त्याचे स्थान तेच आहे. त्यामुळे संगणकांना आणि वापरकर्त्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्या, लिहिण्याची परवानगी केवळ वाटपासाठी ठेवलेल्या एका वेगळ्या खात्याला द्या, आणि त्या खात्याने रोजचे काम, ईमेल किंवा ब्राउझर कधीही वापरू नका. आवृत्त्या साठवण्याचे फोल्डर आणि खातेदारांचा डेटा एकाच शेअरमध्ये ठेवू नका.

नेटवर्कवरच्या भाराचा हिशेब आधी करून ठेवा. पॅकेज ३०० एमबीचे असेल तर चाळीस संगणकांसाठी सुमारे १२ जीबी वाहतूक होईल. सर्व्हरची जोडणी १०० एमबीपीएसची असेल तर आदर्श स्थितीतही तिला सोळा मिनिटे लागतात, आणि ती सगळी सकाळच्या गर्दीत लागतील. मुख्य कार्यालयात गिगाबिट स्विच असेल तर हा प्रश्न उरत नाही. शाखांची गोष्ट मात्र निराळी आहे. ५०० केबीपीएसपेक्षा कमी वेगाच्या जोडणीला ग्रुप पॉलिसी मंद मानते आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन मुळातच टाळते, शिवाय कुठलीही त्रुटी न दाखवता. लाइन त्याहून वेगवान असली तरी शाखेतल्याच एका संगणकावर पॅकेजची प्रत आदल्या रात्री ठेवून तिथून वाटप करणे मला अधिक योग्य वाटते. त्या प्रतीवरही परवानग्या तितक्याच कडक हव्यात.

डेटाबेसमध्ये बदल करणारी आवृत्ती असेल तर जुना क्लायंट नव्या डेटाबेसवर चालता कामा नये. किमान स्वीकार्य आवृत्ती डेटाबेसमधल्या एका तक्त्यात लिहून ठेवावी आणि क्लायंटने उघडतानाच ती तपासून, जुना असल्यास, संगणक रीस्टार्ट करण्याची सूचना देऊन थांबावे. ही सोय विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या. रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याचा आठवडाभर बंद असलेला संगणक कधीतरी सुरू होणारच आहे.

सुरुवात चार संगणकांच्या एका गटापासून करा आणि त्यात सर्वांत जुना संगणक व शाखेतला एक संगणक नक्की घ्या. चारही ठिकाणी दोन आवृत्त्या, म्हणजे पहिले इन्स्टॉलेशन आणि त्यावरचे एक अपग्रेड, सुरळीत पार पडल्यावरच गट वाढवा. सर्व चाळीस संगणकांवर स्थानिक प्रत बसली की ग्रुप पॉलिसीतूनच जुना शॉर्टकट काढा, नवा द्या, आणि जुन्या फोल्डरवरची प्रोग्राम चालवण्याची परवानगी काढून घ्या. कोणाकडे तरी स्वतः बनवलेला जुना शॉर्टकट शिल्लक असतोच, आणि परवानगी काढल्यावर त्याच दिवशी त्याचा फोन तुमच्याकडे येईल.