'लाइफलाँग फॅन' म्हणजे 'आजन्म चाहता' का? मला नाही वाटत

प्रश्न विचारणाऱ्या ताई शिकागोजवळ राहतात. त्यांच्या शेजारचे आजोबा गेले, पेपरात निधनाची बातमी आली, त्यात वय, बायकोचं नाव, मुलं, नातवंडं, सैन्यातली नोकरी आणि लगेच त्याच ओळीत 'लाइफलाँग कब्स फॅन' (कब्स ही तिथली बेसबॉल टीम). ताईंनी फोनवर आईला हे सांगताना "कब्सचे आजन्म चाहते होते" असं सांगितलं, तर आई म्हणाली, अगं माणूस गेलाय आणि तू खेळाचं काय सांगतेस. ताईंना पण आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटलं, पण काय ते कळेना. म्हणून विचारलंय की याला मराठीत नेमका शब्द कुठला.

ताई, तुमचा कान बरोबर आहे, शब्द खरंच चुकलाय. मी शिकागोत बरीच वर्षं काढलीत आणि हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी 'चाहता' का नको ते. चाहणं हा मर्जीचा मामला आहे. एखाद्या गायकाचे आपण चाहते असतो कारण त्याचं गाणं ऐकून सुख मिळतं, नटाचे चाहते असतो कारण तो पडद्यावर आला की बरं वाटतं, आणि तीन-चार पिक्चर वाईट निघाले की हळूच आपण चाहते राहत नाही, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आता कब्सचा हिशोब बघा. शिकागोच्या उत्तरेकडची ही बेसबॉल टीम (कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू), १९०८ साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या सीझनची शेवटची अंतिम लढत, जिंकली आणि त्यानंतर थेट २०१६ साली. मधे १०८ वर्षं. म्हणजे १९०९ साली जन्मलेला माणूस शंभर वर्षं जगला असता तरी त्याला एकदाही टीम जिंकलेली दिसली नसती. १९४५ नंतर तर नुसतं वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचायलाच ७१ वर्षं लागली. अर्नी बँक्स, ज्याला सगळं शहर 'मिस्टर कब' म्हणायचं, तो १९५३ ते १९७१ याच एका टीमकडून २५२८ मॅच खेळला आणि त्यातली एकही पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची, नव्हती, आणि २०१५ च्या जानेवारीत तो गेला, जिंकायच्या पावणेदोन वर्षं आधी. आता या सगळ्यात सुख कुठाय सांगा. तरी दर एप्रिलला माणसं निळी टोपी घालून रिग्ली फील्डवर, कब्सच्या मैदानावर, हजर, थंडीत कुडकुडत. ह्याला 'चाहणं' म्हटलं तर त्या शब्दावर भलताच भार पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजचेपणा. क्रिकेटची एखादी मालिका येते आणि जाते, पण मेजर लीगच्या (तिकडची सगळ्यात वरची बेसबॉल लीग) एका सीझनमधे प्रत्येक टीमच्या १६२ मॅच असतात, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज एक. आणि हरणं सुद्धा रोजचंच. २०१६ ला कब्सनी १०३ जिंकल्या, त्यांच्या सगळ्यात सोन्याच्या वर्षात, तरीसुद्धा ५८ वेळा हरले. म्हणजे ज्याला हरणं सोसत नाही त्याला हा खेळ सोसणार नाही.

हे मी जवळून बघितलंय. आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे, ऐंशीच्या घरात होते. मागच्या लाकडी पोर्चवर एक खुर्ची, खुर्चीखाली रेडिओ, मांडीवर आखीव कागद आणि कानावर पेन्सिल. रेडिओवर मॅच ऐकत ते चौकटी भरायचे. मी एकदा विचारलं हे ६-४-३ काय, तर त्यांनी शेजारी बसवून समजावलं, की मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर असतो, शॉर्टस्टॉप सहा, सेकंड बेसवाला चार, फर्स्ट बेसवाला तीन, चेंडू तसा फिरला आणि एका फटक्यात दोन आउट झाले की ६-४-३. बॅट फिरवून चुकला आणि आउट झाला तर के, आणि नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा काढायचा. ते उलटा के इतक्या सावकाश काढायचे की जणू त्या खेळाडूला दटावतायत. २०१२ साली कब्स १०१ मॅच हरले, तो सगळा सीझन या माणसाने चौकटीत भरून ठेवला, एक मॅच सुटली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवटचा कागद भरला, खोक्यात ठेवला, खोक्यावर साल लिहिलं आणि मला म्हणाले, "नेक्स्ट इयर." ही तिकडची जुनी म्हण आहे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स टीमची माणसं वर्षानुवर्षं हेच म्हणायची की थांबा, पुढच्या वर्षी बघा, आणि त्यांना ते पुढचं वर्ष १९५५ ला मिळालं, मग १९५७ चा सीझन संपल्यावर टीमच उचलून लॉस एंजेलिसला नेली. मला त्या "नेक्स्ट इयर"ला मराठीत एकच वाक्य सुचतं, विसर्जनाच्या पाण्यात उभं राहून म्हणतात ते, पुढच्या वर्षी लवकर या. त्यात पण तक्रार नसते आणि शंका तर मुळीच नसते.

आता खुद्द 'फॅन' शब्दाकडे येऊ, कारण उत्तराचं एक टोक तिथे आहे. बहुतेक कोशकारांच्या मते हा 'फनॅटिक'चा तुकडा आहे, आणि आजच्या अर्थाने तो रुळला अमेरिकेत, १८८० च्या दशकात, आणि तोही बेसबॉलच्याच बातम्यांमधून. म्हणजे जगभर आता गायकाला, नटाला, मोबाईल कंपनीला जे 'फॅन' असतात ते सगळे बेसबॉलच्या बाकड्यांवरून उठून आलेत! त्याच्या आधी अशा माणसाला 'क्रँक' म्हणायचे, म्हणजे डोकं फिरलेला. आणि फनॅटिकच्या मागे लॅटिनमधला 'फानुम' आहे, फानुम म्हणजे देऊळ. देवळातला, अंगात आलेला, असा मूळ अर्थ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण पोर्चवरच्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून मला खेळ आठवायचाच नाही, आमच्या गावातले रोज पहाटे काकड्याला जाणारे आजोबा आठवायचे.

मग सरळ 'भक्त' म्हणावं का? अर्थाने जवळ आहे, आणि भक्त देवाशी भांडत नाही असंही नाही, जनाबाईने विठोबाला काय कमी शिव्या दिल्यात? पण आजकाल हा शब्द राजकारणाने इतका वापरलाय की ऐकणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच जातं. 'समर्थक'चं तेच, समर्थक म्हटलं की मोर्चा दिसतो. 'रसिक' नाटका-गाण्याचा, 'दर्दी' मैफिलीचा. 'शौकीन' चांगला शब्द आहे, कोल्हापूरकडच्या बातम्यांमधे कुस्तीशौकीन, फुटबॉलशौकीन नेहमी येतात, पण तो खेळाचा शौकीन असतो, टीमचा नव्हे. चांगली कुस्ती कोणीही मारो, शौकीन खूश. आपल्याला हवाय तो माणूस असा की ज्याला चांगला खेळ नको असं नाही, पण त्याच्या टीमचा वाईट खेळसुद्धा त्याचाच असतो. 'कट्टर फॅन' सगळे म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, फक्त कट्टरमधे दुसऱ्याशी वैर आहे आणि तुमच्या शेजारच्या आजोबांबद्दल ते कदाचित खरं नसेल.

मला नाम म्हणून सगळ्यात पटतो तो 'पाठीराखा'. पाठ राखणं यात पुढे मिरवणं नाही, मागे उभं राहणं आहे, आणि पाठ राखायची वेळ माणूस हरत असतानाच येते, जिंकणाऱ्याची पाठ राखायला गर्दी असतेच, असतील शिते तर जमतील भुते. २०१६ नंतर निळ्या टोप्या घालणारे खूप झाले, तिकडे त्यांना बँडवॅगनवाले म्हणतात, त्यांना मी पाठीराखे म्हणणार नाही. 'जन्माचा पाठीराखा' म्हणा, 'पिढीजात पाठीराखा' म्हणा, ओळीत शोभतो.

पण खरं सांगू का, मराठीत हे नामाने सांगायची गरजच नाही, आपल्याकडे विभक्ती आहे. 'चा'. मॅच लागली की पोरं एकमेकांना काय विचारतात, "तू कोणाच्या बाजूने?" बाजू ही एका मॅचपुरती, उद्या बदलता येते. पण कोल्हापुरात पेठेतल्या पोराला विचारा, तो बाजू नाही सांगणार, "आम्ही पाटाकडीलचे" किंवा "आम्ही दिलबहारचे" असं म्हणेल, कारण तिथली फुटबॉल टीम म्हणजे तालीम आहे, वडील तिथलेच, आजा तिथलाच, आणि ते त्याने निवडलेलं नाही. आमच्यात खंडोबा आहे, आमच्यात जोतिबा आहे, असं आपण म्हणतो ना, तसं. शिकागोत अगदी हेच आहे. उत्तरेकडच्या बऱ्याच घरांत मूल जन्मलं की त्याला अंगडं कब्सचं, आणि दक्षिणेकडे व्हाइट सॉक्सचं, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या टीमचं. त्यामुळे "ते कब्सचे होते" हे वाक्य मराठीत पूर्ण आहे. त्यात फॅन नको, चाहता नको. आपल्याकडे आयपीएल २००८ ला सुरू झाली, म्हणजे अजून कोणाचा आजोबा लहानपणापासून एखाद्या आयपीएल टीमचा असू शकत नाही, आणि आवडता खेळाडू लिलावात दुसरीकडे गेला की बरेच लोक त्याच्यामागे जातात, म्हणून तिथे 'चाहता' चालतो, कारण तो खेळाडूचा चाहता असतो. बेसबॉलमधे उलट आहे, खेळाडू येतात जातात, विकले जातात, दहा वर्षांत अख्खी टीम बदलते, मैदानाच्या भिंतीवरची वेल आणि टोपीवरचं अक्षर तेवढं राहतं आणि बघणारा राहतो.

अजून एक गोष्ट, जी मराठीला येते आणि इंग्रजीला येत नाही, आणि माझं यावर फार प्रेम आहे. हे लोक टीमबद्दल बोलताना 'ते' म्हणत नाहीत, 'वी' म्हणतात, वी वन, वी लॉस्ट. मराठीत करताना तुम्हाला थांबून ठरवावं लागतं, की 'आम्ही' का 'आपण'? घरमालक मुलाशी फोनवर बोलायचे ते मी मनातल्या मनात "आपण हरलो" असं मराठी करायचो, कारण मुलगा पण त्यातलाच. आणि समोरच्या घरातल्या व्हाइट सॉक्सवाल्याशी बोलताना तेच 'वी' माझ्या डोक्यात 'आम्ही' व्हायचं, कारण तिथे तो बाहेरचा, व्हाइट सॉक्सनी २००५ ला जिंकून घेतलेलं होतं आणि ते तो विसरू द्यायचा नाही. माझ्याशी बोलताना कितीतरी दिवस ते 'आम्ही' होतं. मग एकदा ऑगस्टमधे मी ऑफिसमधून आलो, जिन्याखाली त्यांनी मला बघितलं आणि मान हलवून म्हणाले, "वी लॉस्ट अगेन." बोलण्यात काही फरक नव्हता, शब्द तेच, पण खुर्ची त्यांनी आधीच दुसरी काढून ठेवलेली होती. ते 'आपण' होतं. तेव्हा मी वर न जाता तिथेच बसलो.

आता तुमच्या आईचा मुद्दा, मृत्यूच्या बातमीत हे कशाला. ताई, आपल्या पेपरातली निधन वार्ता काढून बघा, विशेषतः गावाकडची. "ते माळकरी होते." "त्यांनी अखंड तीस वर्षं पंढरीची वारी केली." हे वाक्य तिथे काय म्हणून येतं? छंद म्हणून येत नाही. तो माणूस कसा जगला, दर वर्षी न चुकता कुठे जायचा, कोणाच्या सोबतीने चालायचा, हे एका ओळीत सांगायला येतं. वारी शब्दातच पुन्हा पुन्हा जाणं आहे. 'लाइफलाँग कब्स फॅन' अगदी त्याच जागेवर बसतो, म्हणून तो नातवंडांच्या नावांनंतर लगेच येतो. २०१६ ला २ नोव्हेंबरच्या रात्री क्लीव्हलंडमधे वर्ल्ड सिरीजची शेवटची, सातवी मॅच बरोबरीत आली, पाऊस पडला, १७ मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमधे कब्स ८-७ ने जिंकले. त्यानंतरच्या दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने लिहीत होते. मी पण बघायला गेलो होतो. मला वाटलेलं खेळाडूंची नावं असतील, पण बहुतेक नावं घरच्यांची होती, आणि बरीचशी गेलेल्या माणसांची, आजोबा, आई, काका. खालच्या विटा भरून गेल्यावर माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहीत होती. आमचे घरमालक तोवर नव्हते. मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली, का कोण जाणे, ६-४-३ लिहिलं. शेजारी लिहीत असलेल्या बाईंनी ते वाचलं आणि काही न विचारता स्वतःचा खडू मला दिला, कारण माझा संपत आला होता.

तर आईंना परत फोन कराल तेव्हा 'चाहते' सोडा. एवढंच सांगा, "आजोबा जन्मभर कब्सचे होते, एक वर्ष चुकलं नाही." आणि आई जर म्हणाल्या की म्हणजे वारकऱ्यासारखं का गं, तर हो म्हणा.