जुन्या शेतकरी वस्त्यांमधल्या फुटक्या खापरांवरून नेमकं काय कळतं?

सापडतात नुसते मडक्यांचे तुकडे, मग लोक काय खायचे कसे राहायचे हे कशावरून सांगतात, असं विचारलंय तुम्ही. तर लाकूड, कापड, चामडं कुजून जातं, तांबं वितळवून परत वापरलं जातं, पण भाजलेली माती कुजतही नाही आणि फुटल्यावर कुणी उचलूनही नेत नाही, टाकली तिथेच पडून राहते.

आपलं इनामगावच घ्या, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपासची वस्ती, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं. तिथलं जोर्वे खापर फेमस आहे (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव), लालसर नारिंगी, वर काळ्या रेघांची नक्षी, आणि इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली की खणकन वाजतं. फोटो सगळे त्याचेच काढतात. पण माझं विचाराल तर बाजूचं जाडंभरडं, कळकट खापर जास्त बोलतं. बाहेरून काजळी असेल तर ते चुलीवरचं, जाड काठाचं मोठं असेल तर साठवणीचं, आतून बोटांच्या एकसारख्या गोल रेघा असतील तर चाकावर घडवलेलं, नसतील तर हाताने थापलेलं, आणि मातीत तूस मिसळलेलं असेल तर कधी कधी दाण्याचा ठसाच मिळतो, म्हणजे आसपास काय पिकत होतं तेही कळलं. आणि इनामगावात लहान मूल गेलं की असल्याच दोन साध्या मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे, घरातल्याच जमिनीखाली. अशी मडकी तिथे खूप निघालीत, त्यावरून किती पोरं जगत नसतील ते बघा.

इ.स.पू. १००० नंतर नक्षी कमी होते, भांडी ओबडधोबड होतात, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटलं म्हणून हे झालं असं तिथल्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांचं मत होतं. नुसत्या खापरावरून एवढं ठरत नाही हां, घरं, हाडं, धान्य सगळं जोडून बघावं लागतं.

आता तर खापराच्या छिद्रांत मुरलेली चरबी पण लॅबमध्ये तपासतात, कच्छमधल्या कोटडा भादलीच्या हडप्पाकालीन खापरांत असेच दुधाचे अंश मिळालेत. त्यामुळे शेतात कधी खापर दिसलंच तर घासूनपुसून धुवत बसू नका, जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.