पहिल्या दिवसात एवढंच सांभाळ

अगं, घाबरू नकोस. सगळं एकदम शिकायचं नसतं, बाळ जन्मल्यावर पहिल्या दिवसात दोन-तीन गोष्टी जमल्या की पुरे.

सगळ्यात आधी ऊब. बाळ ओलं जन्मतं आणि पटकन गार पडतं. म्हणून कोरडं करून थेट तुझ्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण आणि डोक्याला टोपी. तिथेच ते हळूहळू तोंड उघडून स्तन शोधू लागतं, ते बघच! पहिल्या तासातच पाजायला घे. सुरुवातीचं घट्ट पिवळसर दूध चमचाभरच येतं, पण बाळाला तेवढंच लागतं. 'दूधच येत नाही' म्हणून वरचं दूध, पाणी किंवा मध द्यायची घाई करू नकोस. माझ्या पहिल्या वेळी मी याच भीतीने दोन दिवस रडले होते. पुढे 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं.

नेहमीच्या चुका:
- लगेच अंघोळ. निदान 24 तास थांब.
- नाळेला पावडर, तेल लावणं. कोरडी राहू दे, आपोआप गळते.
- पोटावर झोपवणं. पाठीवरच झोपव, शेजारी उशी नको.

पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, ते चालतं. पण बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास जोरात चालला, अंग तापलं किंवा गार पडलं, किंवा पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठ.

मालिश, झोपेच्या वेळा वगैरे नंतर बोलू.