चेंडू वर थबकतो, तेव्हा त्याला कोण ओढतं?

मॅडम, वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोहोचतो तेव्हा त्याचा वेग शून्य असतो, हे पटतं. मग त्या क्षणी त्वरणही शून्यच असणार ना? मी परीक्षेत तसं लिहिलं आणि गुण गेले. चुकलं हे कळलं, पण का चुकलं ते अजून कळलेलं नाही.
— अकरावीतली विद्यार्थिनी

गुण गेल्यावर बहुतेक जण बरोबर उत्तर पाठ करून मोकळे होतात. तू 'का' विचारलंस, म्हणून तुझं पत्र पहिलं घेतलं.

समज, चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगानं सरळ वर फेकलास. हिशेब सोपा राहावा म्हणून गुरुत्वत्वरण 10 धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. एका सेकंदानंतर वेग 10 उरतो, दोन सेकंदांनंतर शून्य, तीन सेकंदांनंतर पुन्हा 10, पण खालच्या दिशेनं, म्हणजे उणे 10. वहीत ओळीनं लिही: 20, 10, 0, −10, −20. आता आकड्यांवरून नजर काढ आणि शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक बघ. प्रत्येक वेळी 10 नं उतरतोय. शून्यापाशी आल्यावर उतरणं थांबलं का? नाही थांबलं. त्वरण म्हणजे हे उतरणं. वेग किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, वेग कसा बदलतोय याच्याशी आहे.

उलट बाजूनंही तपासून बघ. वर पोहोचल्यावर वेग शून्य आणि त्वरणही शून्य झालं असतं, तर वेग बदलायला काही कारणच उरलं नसतं. चेंडू हवेत तिथेच लटकून राहिला असता.

या चुकीचं मूळ मला दुसरीकडेच दिसतं. 31 वर्षांच्या शिकवण्यात मी एक आकृती शेकडो वेळा काढून घेतली: वर जाणारा चेंडू आणि त्याच्यावरची बलं. निम्म्याहून जास्त वह्यांत वर दाखवणारा एक बाण असायचाच आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं असायचं, 'हाताचं बल'. मी फक्त एवढंच विचारायची, हात कुठे आहे? हात तर खालीच राहिला. चेंडू सुटला त्या क्षणी हाताचं काम संपलं. चेंडूजवळ आता वेग आहे, बल नाही. बल कुणीतरी कुणावर तरी लावावं लागतं, ते बरोबर घेऊन जाता येत नाही. त्यामुळे वर जाताना, वर थबकल्यावर आणि खाली येताना, तिन्ही वेळा आकृतीत एकच बाण येतो, खाली दाखवणारा, पृथ्वीचा. फेकलेल्या वस्तूत फेकणाऱ्याचा जोर साठून राहतो, असं चौदाव्या शतकात पॅरिसचे ज्याँ ब्युरिदाँ यांनीही मांडलं होतं, आणि ते त्या काळातले मोठे विद्वान होते. तेव्हा या चुकीची लाज वाटून घेऊ नकोस. बाण काढण्याआधी 'हे बल कोण लावतंय?' एवढं मात्र दर वेळी स्वतःला विचार.

लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, वस्तुमानावर अवलंबून नसतो, असं पुस्तकात आहे. मी 50 सेंटिमीटर दोऱ्याला आधी एक नट बांधला, 20 दोलनांना 28.6 सेकंद लागले. मग त्याच दोऱ्याला मोठं कुलूप बांधलं, तर 29.8 सेकंद लागले. तीनदा करून पाहिलं, तेवढेच येतात. पुस्तक चुकलं की मी?
— दहावीतला विद्यार्थी

दोघंही बरोबर आहात, आणि तुझं मोजमाप फार चांगलं आहे. 1.2 सेकंदांचा फरक स्टॉपवॉचवरच्या बोटाच्या उशिरावर ढकलता येणार नाही. तो उशीर साधारण सेकंदाचा पाचवा भाग असतो, आणि तीनदा तोच आकडा आला म्हटल्यावर फरक खराच धरायला हवा.

आता तुझ्याच आकड्यांना विचारू. नटाचं एक दोलन 1.43 सेकंदांचं. आवर्तकालाचं सूत्र, T = 2π√(L/g), उलटं फिरवलं, की लंबकाची लांबी येते 50.8 सेंटिमीटर. कुलपाचं दोलन 1.49 सेकंदांचं, त्याची लांबी येते 55.1. दोरा तर दोन्ही वेळा 50 चाच होता, मग वरची लांबी आली कुठून? लंबकाची लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजायची नसते, टांगलेल्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते. नटाचा मध्य गाठीखाली जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटर, आणि मोठ्या कुलपाचा पाचेक सेंटिमीटर. वस्तुमान बदलताना तू नकळत लांबीही बदललीस. कुलूप आडवं धरून पट्टीच्या कडेवर तोल, तोल साधेल तिथे खडूनं खूण कर, आणि दोरा एवढा आखूड कर, की टांगण्यापासून खुणेपर्यंत 50.8 भरतील. मग दोन्ही आवर्तकाल सारखे येतील.

मोजताना दोन गोष्टी सांभाळ. लंबक सोडताना 'एक' म्हणू नकोस, 'शून्य' म्हण. नाहीतर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं होतात. आणि घड्याळ टोकाला सुरू करण्यापेक्षा मध्यातून जाताना कर. टोकाला लंबक रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यात तो सर्वांत वेगात असतो, सर्रकन निघून जातो, तिथे चूक कमी होते. झोकाही लहान ठेव, दहा अंशांच्या आत. साठ अंशांवरून सोडलास तर आवर्तकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो, मग सूत्राला दोष देऊ नकोस, ते लहान झोक्यापुरतंच आहे.

तू केलास तोच प्रयोग न्यूटननं केला होता, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1687 च्या त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. त्यानं तपासलेले पदार्थ असे: सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. लाकडाच्या दोन सारख्या डब्या, 11 फुटांच्या सारख्या दोऱ्या. एका डबीत लाकूड, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं, आणि ते डबीच्या बरोबर दोलनमध्याशी, म्हणजे लंबकाची लांबी जिथपर्यंत धरायची त्या बिंदूशी, बसवलेलं. तुझ्या कुलपाचा घोळ त्यानं आधीच टाळला होता! डब्या सारख्या असल्यानं हवेचा विरोधही सारखाच. दोन्ही लंबक कितीतरी वेळ बरोबरीनं झुलत राहिले. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण जड वस्तू हलायला तितकीच जास्त कुरकुरते. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून वस्तुमान हिशेबातून निघून जातं.

क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान आणि विरुद्ध असतात. मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत? मुलीनं विचारलं, मला सांगता आलं नाही.
— एक पालक

कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. तुम्ही भिंतीला ढकललंत, तर तुमचं बल भिंतीवर आणि भिंतीचं बल तुमच्यावर. तुम्ही मागे सरकाल की नाही, हे ठरवताना भिंतीवरच्या बलाचा काही संबंध नाही. फक्त तुमच्यावर काय काय लागतंय ते बघायचं. मुलीला चाकाच्या खुर्चीवर बसून भिंतीला पायानं रेटायला सांगा, स्पष्टीकरणाची गरज पडणार नाही.

दोलनाच्या मध्यबिंदूवर बल शून्य असतं, असं शिकलो. पण झोपाळा खाली येतो तेव्हा तर अंग जड वाटतं. हे कसं?
— बारावीतला विद्यार्थी

स्प्रिंगला जोडलेल्या ठोकळ्यासाठी तुझं वाक्य पूर्ण खरं आहे. झोपाळ्यासाठी किंवा लंबकासाठी मात्र त्यात एक शब्द घालावा लागतो: मार्गाच्या दिशेतलं बल शून्य असतं. लंबक वर्तुळाच्या चापावरून जातो, आणि वळत जायला केंद्राकडे ओढणारं बल लागतंच. मध्यात वेग सर्वांत जास्त, म्हणून ही ओढही तिथेच सर्वांत जास्त. ती कोण पुरवतं? दोरी. वजन पेलायचं आणि वर वळवायचंही, अशी दोन्ही कामं तिच्यावर येतात. टोकाला उलट असतं. तिथे वेग नाही, वळवायचं काही नाही, दोरीला वजनाचा फक्त एक भाग सांभाळायचा असतो.

आकडे असे. साठ अंशांवरून सोडलेल्या लंबकाच्या दोरीत टोकाला वजनाच्या निम्मा ताण असतो, आणि मध्यात वजनाच्या दुप्पट. नव्वद अंशांवरून सोडलास तर मध्यात तिप्पट होतो, आणि त्यात लंबक किती जड, दोरी किती लांब, यानं काहीच फरक पडत नाही. झोपाळ्यावर अंग जड वाटतं ते यामुळेच: बैठक तुला वजनापेक्षा जास्त जोरानं वर रेटत असते.

प्रयोगशाळेत ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) असेल तर तो वर अडकव आणि त्याला 200 ग्रॅमचं वजन दोऱ्यानं टांगून झुलव. साठ अंशांवरून सोडलंस तर काटा टोकाला 100 च्या आसपास आणि मध्यात 400 च्या आसपास जायला हवा. काट्याची स्प्रिंग स्वतःही खालीवर होते, तेव्हा आकडे थोडे हलतील. फोननं चित्रण करून सावकाश बघ, आणि काय दिसलं ते मला कळव.