वाचकांचे प्रश्न : अभिषिक्ताला हिशेब विचारावा का?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. आमची मंडळी साठ-सत्तर कुटुंबांची आहे आणि मी तेथील महिला मंडळाची खजिनदार आहे. कापणीच्या सणातील लिलावाचे पैसे आणि देवळाच्या छपरासाठी जमा केलेली वर्गणी यांचा हिशेब दोन वर्षे सभेपुढे आलेला नाही. वार्षिक सभेत मी तो विचारला तेव्हा आमच्या पाळकांनी ‘माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने निवडून नेमलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन वाचून विषय बंद केला. त्यानंतर काही सभासद माझ्याशी बोलेनासे झाले आहेत. देवाच्या माणसाशी वाद घातला तर घराला शाप लागतो, असे माझ्या सासूबाई म्हणतात. देवाच्या अधिकाराचा मान राखायचा म्हणजे गप्प बसायचे का?
(एक भगिनी, भांडुप)

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. सर्वप्रथम तुमच्या सासूबाईंबद्दल लिहितो, कारण त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इस्राएलाचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध बोलल्यामुळे त्याची बहीण मिर्याम हिला कोड फुटले आणि कोरहाच्या बंडात पृथ्वीने तोंड उघडून बंडखोरांना गिळले, या कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या असणार. नेमलेल्या माणसाचा अवमान देवाला चालत नाही, ही त्यांची समजूत शास्त्रातूनच आलेली आहे. तरीही त्या कथा पुन्हा वाचताना मिर्यामेने आणि कोरहाने नेमके काय मागितले होते, ते पाहावे. परमेश्वर काय फक्त मोशेच्याच द्वारे बोलतो, असे विचारणाऱ्या मिर्यामेला त्याची बरोबरी हवी होती, आणि कोरहाला याजकपद हवे होते. हिशेब त्यांपैकी कोणीच विचारला नव्हता. उलट कोरहाच्या प्रसंगी मोशेनेच परमेश्वरापुढे सांगितले की, मी यांचे एक गाढवदेखील घेतलेले नाही. पुढे वृद्ध झालेल्या शमुवेलाने सर्व इस्राएलासमोर उभे राहून, मी कोणाचा बैल किंवा कोणाचे गाढव घेतले आहे, कोणाला फसवले आहे, कोणाच्या हातून लाच घेतली आहे, ते परमेश्वरासमोर व त्याच्या अभिषिक्तासमोर सांगा, असे लोकांना आव्हान दिले. शास्त्रातले हे थोर पुढारी कोणी विचारण्याआधीच आपला हिशेब मांडत होते आणि शमुवेलाने तर तो अभिषिक्त राजाच्या साक्षीने मांडला, हे आपण आपल्या सभांमध्ये फारसे वाचत नाही.

आता त्या वचनाविषयी. ते १०५ व्या स्तोत्रात आहे आणि १ इतिहासाच्या सोळाव्या अध्यायातही आहे. त्याच्या आधीच्या ओळींत अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे वर्णन येते. ते संख्येने थोडे होते, परक्या देशात उपरे होते आणि एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते. त्यांच्यावर जुलूम होऊ नये म्हणून परमेश्वराने राजांना धमकावले आणि ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ असे बजावले. म्हणजे येथे अभिषिक्त ठरले आहेत ते तंबूत राहणारे आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर गुरे चारणारे लोक, आणि ताकीद मिळाली आहे ती सिंहासनावर बसलेल्यांना. दुबळ्यांच्या संरक्षणासाठी उच्चारलेले हे वचन अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाने प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीपुढे धरावे, हा त्या वचनाचा उलटा उपयोग झाला. शिवाय योहान आपल्या पहिल्या पत्रात सर्व विश्वासणाऱ्यांना लिहितो की, तुमचा पवित्र पुरुषाकडून अभिषेक झालेला आहे. त्या हिशेबाने वार्षिक सभेत तुमच्या पाळकांसमोरच्या बाकांवर अभिषिक्तच बसलेले होते, आणि त्यांच्यात तुम्हीही होता.

यावर कोणी दाविदाचे उदाहरण देईल. आपल्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल हाती लागूनही दाविदाने त्याला मारले नाही, हे खरे आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तरही त्याच अध्यायात, १ शमुवेलाच्या चोविसाव्यात, आहे. एन-गेदीच्या रानातल्या गुहेत दाविदाने शौलाच्या झग्याचा काठ हळूच कापून घेतला, आणि एवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. अभिषिक्ताचा मान काय असतो, हे त्याला ठाऊक होते. परंतु म्हणून तो गुहेत गप्प बसून राहिला नाही. शौल बाहेर पडल्यावर तो त्याच्या मागोमाग बाहेर आला, भूमीपर्यंत लवून त्याने मुजरा केला, त्याला ‘माझ्या बापा’ म्हणून हाक मारली आणि कापलेला काठ हाती धरून शौलाच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, आपण माझा जीव घ्यायला का टपला आहात, असे विचारले. नमन, पुरावा आणि उघड प्रश्न ही तिन्ही एकाच माणसाने एकाच प्रसंगी केली, आणि न्याय परमेश्वराच्या हाती सोपवून तो बाजूला झाला. पुढे हाच दावीद स्वतः राजा झाला आणि पाप करून बसला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे त्याला त्याच्याच घरात सुनावले. दाविदाने तेथे आपल्या अभिषेकाचे नाव काढले नाही. ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे,’ एवढेच तो म्हणाला.

पैशाच्या बाबतीत तर नवा करार फारच स्पष्ट बोलतो. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने नेली नाही, तर मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आणि त्याचे कारणही करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहून कळवले की, या देणगीच्या कामात आम्हांला कोणी दोष लावू नये आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर मनुष्यांच्याही दृष्टीने जे योग्य ते व्हावे, याची आम्ही काळजी घेतो. प्रेषिताला ज्याची गरज वाटली, ती आपल्या पाळकांना वाटू नये हे नवलच आहे. तुमच्याकडे छपराचा प्रश्न आहे म्हणून योवाश राजाचीही आठवण होते. त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, आणि तिच्यातील पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक हे दोघे मिळून मोजू लागले. तेथे कोणावर चोरीचा आळ आला असे शास्त्र सांगत नाही, फक्त मोजणारे हात एकाचे दोन झाले.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतर धर्मगुरूंचे प्रत्येक म्हणणे देवाची आज्ञा समजून स्वीकारावे, अशी अपेक्षा होऊ लागली तेव्हा त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिन यांना, पत्राने स्पष्ट कळवले की, पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर तसलेच दुसरे जू घ्यायची माझी तयारी नाही. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये आपल्या मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढले, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत मूळ इब्री व ग्रीक भाषांतून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. देवाच्या वचनापुढे इतके वाकलेले दुसरे मराठी माणूस दाखवणे कठीण आहे. माणसाच्या शब्दाला देवाचा शब्द म्हणायला नकार देणे आणि देवाच्या शब्दापुढे आयुष्य ठेवणे या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या.

आता पुढे काय करावे, ते सांगतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा. पाळकसाहेबांना एकांतात भेटावे, आणि भेटताना पैसे खाल्ल्याचा संशय मनात धरून जाऊ नये, कारण हिशेब न मांडणे आणि पैसे खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ पाळकांना जमाखर्च लिहिताच येत नाही आणि ते कबूल करण्याची लाज वाटते. ऐकले नाही तर दोघा-तिघा जाणत्या सभासदांना बरोबर न्यावे. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या वडिलावरचा, म्हणजे पुढाऱ्यावरचा, आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नकोस असे सांगितले, ते वडिलाच्या रक्षणासाठी आहे, परंतु साक्षीदार असल्यास आरोप ऐकावा, हाही त्याचा अर्थ होतोच. तरीही काही झाले नाही तर पंच कमिटीला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्यानंतर तुमची मंडळी ज्या वरिष्ठ मंडळाच्या अधीन असेल त्याच्याकडे जावे. मंडळीची मिळकत नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे. त्यासाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याची वेळ आली तर भावाविरुद्ध कोर्टात गेल्याचे पाप लागते, असे मी मानत नाही, कारण रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे तीही देवाने नेमलेलीच सत्ता आहे. परंतु ती शेवटची पायरी आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र यातले एक अक्षरही टाकू नये. दाविदाने शौलाला तोंडावर विचारले होते, आणि व्हॉट्सॲपवर तोंड दिसत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगून हे उत्तर पुरे करतो. पाळक म्हणून मी तरुण होतो तेव्हा मंडळीतील एका आजींनी, देवळाच्या पडद्यांसाठी दिलेल्या पैशांचे काय झाले, असे मला सर्वांदेखत विचारले होते. पैसे कपाटातच होते, पडदे आणायला मी विसरलो होतो. तरीही मला इतका राग आला की, पुढच्या रविवारी मी कोरहावर उपदेश केला. तो कागद अजून माझ्याकडे आहे, परंतु पुन्हा कधी वाचलेला नाही.

प्रश्न : आमचे पाळक पंचांशी सतत भांडतात आणि खोटे बोलताना मी त्यांना पाहिले आहे. अशा माणसाच्या हातून प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा संस्कार) घेतले तर ते खरे ठरते का?
(एक तरुण वाचक, गोरेगाव)

उत्तर : खरे ठरते. हा वाद उत्तर आफ्रिकेतील मंडळीत चौथ्या शतकातच होऊन गेला आहे. सम्राट डायोक्लेशनच्या छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी भिऊन पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केल्या. अशांच्या हातून झालेली दीक्षा व संस्कार व्यर्थ होत, असे म्हणणाऱ्या लोकांना पुढे त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून दोनातवादी म्हणू लागले. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्यांचे म्हणणे अमान्य केले, आणि शंभरएक वर्षांनी संत ऑगस्टीनने त्यावर सविस्तर लिहिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, बाप्तिस्मा पेत्राने दिला काय किंवा प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, तो देणारा ख्रिस्तच असतो. मेज प्रभूचे आहे, पाळक तेथे वाढपी आहे. तथापि वाढप्याचे हात मळलेले असतील तर ते धुवायला सांगणे हे पंचांचे काम आहेच, आणि संस्कार खरा ठरला म्हणून खोटे बोलणे खपवून घ्यावे असा त्याचा अर्थ होत नाही. पौलाने मात्र भोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगितले आहे, त्यामुळे त्या रविवारी वाढप्याकडे पाहण्यात तुमचा किती वेळ जातो, तेही पाहावे.

प्रश्न : शास्त्रवाचन चालू असताना आजची मुले उभी राहतात, पण हातात बायबलऐवजी मोबाइल असतो. हा देवाच्या वचनाचा अपमान नव्हे काय?
(एक ज्येष्ठ वाचक, परळ)

उत्तर : नव्हे. एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्राचा ग्रंथ उघडला तेव्हा सर्व लोक उभे राहिले, असे नहेम्याच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे, परंतु तो ग्रंथ म्हणजे गुंडाळी होती. आपल्या काळ्या कातडी बांधणीच्या बायबलाचा तेव्हा पत्ताही नव्हता. मुले उभी राहतात, हीच मोठी गोष्ट समजावी, आणि फोनची घंटी तेवढी बंद ठेवायला सांगावी.