‘मीटिंगहाऊस’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे : अमेरिकेतल्या खेड्यातल्या बाप्टिस्ट (हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मीटिंगहाऊसचा इतिहास मराठीत लिहिताना त्याला ‘चर्च’ म्हणावे की ‘सभागृह’?

मी दोन्ही टाळेन. ‘सभागृह’ म्हटले की तहकूब होणारे सभागृह डोळ्यांपुढे येते. आणि ‘चर्च’ म्हटले की या लोकांनी जपलेला भेदच पुसला जातो. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे माणसे. ती जमतात ते घर म्हणजे मीटिंगहाऊस.

नॉर्थ कॅरोलायनातल्या सँडी क्रीकचेच पाहा. १७५५ मध्ये शुबल स्टर्न्स या बाप्टिस्ट धर्मोपदेशकासह आठ कुटुंबे तिथे उतरली. आल्या आल्या त्यांनी एक लहानसे मीटिंगहाऊस बांधले, आणि १६ जणांचे मिळून चर्च झाले. कामे दोन, क्रियापदेही दोन : घर बांधले, चर्च स्थापन झाले. पुढे बाप्टिस्ट इतिहासकार मॉर्गन एडवर्ड्स यांनी लिहून ठेवले की १७ वर्षांत हे चर्च ४२ चर्चची आई, आजी आणि पणजी झाले. इमारतीला नातवंडे कशी होणार? हे वाक्य माणसांबद्दलच आहे.

अशा चर्चसाठी आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे : मंडळी. ‘घरची मंडळी जेवायला बसली’ यातला, रोजच्या बोलण्यातला. मराठी बायबलात येशू पेत्राला म्हणतो, ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ तिथला मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. गंमत अशी की गोव्यात चर्चला म्हणतात ती ‘इगर्ज’ पोर्तुगीजांमार्फत याच शब्दातून आली आणि इमारत होऊन बसली. उलट ‘चर्च’चे मूळ ‘प्रभूचे (घर)’ असे, आणि बाप्टिस्टांनी ते माणसांना लावले!

इमारतीसाठी मी ‘सभाघर’ सुचवेन. देवघर, माजघर यांच्या शेजारी हा शब्द सहज बसतो, आणि साध्या लाकडी बांधणीला शोभतो. आपल्याकडचे अनेक ख्रिस्ती लोक ‘देवळात जातो’ म्हणतात, तोही आपुलकीचा शब्द आहे. पण इमारतीला पवित्र मानायचे नाही म्हणून ज्यांनी मुद्दाम साधे नाव निवडले, त्यांच्यासाठी तो चालणार नाही. ‘सभास्थान’ मात्र कटाक्षाने टाळा, कारण मराठी बायबलात तो शब्द यहुद्यांच्या प्रार्थनागृहासाठी, म्हणजे सिनेगॉगसाठी आहे.

तेव्हा लिहा : ‘१७५५ मध्ये सँडी क्रीक येथे १६ जणांची मंडळी स्थापन झाली. त्यांनी एक लहानसे सभाघर बांधले.’